ट्रकच्या टायरचे रिमोल्डिंग: केसिंग निवडण्यापासून चेंबरपर्यंत

ट्रकचा टायर झिजतो तेव्हा बहुधा वरचे रबरच संपलेले असते. आतले तारांचे किंवा नायलॉनचे कवच, म्हणजेच केसिंग, आणखी एकदा चालण्याजोगे असते. त्यामुळे टायर पार गोटा होईपर्यंत रेटू नये. कायद्याला १.६ मिलिमीटर खोली पुरत असली, तरी रिमोल्डिंगसाठी, म्हणजे जुन्या केसिंगवर नवे रबर चढवण्यासाठी, तो साधारण ३ मिलिमीटर नक्षी शिल्लक असतानाच उतरवावा.

खरी कसोटी तपासणीची. टायर ताणून आतून उजेडात पाहावा. कमी हवेवर धावलेल्या टायरच्या आतल्या बाजूस सुरकुत्या, निळसर डाग किंवा रबराचा भुगा दिसतो. असा टायर बाहेरून कितीही चांगला दिसला, तरी बाद करावा, कारण बाजूच्या भिंतीतल्या तारा थकलेल्या असतात आणि हवा भरतानाच ती भिंत फाटू शकते. गिऱ्हाइकाने गळ घातली तरी येथे भीड बाळगू नये.

नंतर बफिंग यंत्रावर जुने रबर खरवडून टायरला ठरलेली गोलाई देतात. पृष्ठभाग मखमलीसारखा एकसारखा खरखरीत झाला पाहिजे; पाते बोथट असेल तर धूर निघतो, रबर जळून चकाकते आणि त्यावर नवे रबर धरत नाही. खिळ्याच्या भोकांभोवतीचे सैल रबर लहान ग्राइंडरने काढावे. तार उघडी पडली असल्यास तिला लगेच सोल्युशन (रबर चिकटवण्याचे द्रावण) लावावे, कारण दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ती फार लवकर गंजते. बफ केलेल्या भागाला उघडा हात लावू नये. बोटांचे तेलही चिकटपणा घालवते.

बफ केलेल्या भागाला लावलेले सोल्युशन वाळल्यावर खड्डे भरून कुशन गम, म्हणजे जुने आणि नवे रबर जोडणारा कच्च्या रबराचा पातळ थर, आणि त्यावर नक्षीचा तयार पट्टा चढवतात. रोलर मध्यापासून कडेकडे फिरवला म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. मग रबरी आवरण घालून टायर चेंबरमध्ये, म्हणजे बंद तापत्या टाकीत, दाबाखाली, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा थोड्या अधिक तापमानात काही तास शिजतो. तयार पट्ट्याऐवजी साच्यात नक्षी उठवणाऱ्या गरम पद्धतीत तापमान १५० अंशांच्या घरात जाते.

थंड झाल्यावर सांधे आणि कडा पुन्हा तपासाव्यात. असा टायर पुढच्या चाकांना न लावता मागच्या जोडीत, समान घेराच्या टायरसोबत बसवावा. घेर वेगळा असल्यास मोठा टायर जास्त भार उचलतो, तर लहान घासला जातो.