मेटल डिटेक्टिंग सुरू करताय? इंग्लंडात या चुका टाळा

मशीन आलं, चार्ज झालं की लगेच जवळच्या शेतात घुसायचं, ही पहिली चूक. शेतातून सार्वजनिक पायवाट जात असली तरी डिटेक्टर चालवायला जमीनमालकाची परवानगी लागतेच. ती लेखीच घ्या, आणि काही सापडलं तर वाटणी कशी तेही त्यातच लिहून टाका, नंतर कटकट नको. जागा शेड्यूल्ड मॉन्युमेंट (कायद्याने संरक्षित केलेली पुरातन जागा) असेल तर मालक हो म्हणाला तरी उपयोग नाही, सरकारी परवानगीशिवाय तिथे डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे.

मशीन सारखं किरकिर करतंय? बिघडलेलं नसतं हो. सेन्सिटिव्हिटी फुल्ल ठेवलेली असते, वरून विजेच्या तारा जात असतात, खिशात मोबाईल असतो, नाहीतर पायात पुढच्या टोकाला स्टील असलेले बूट. आधी सेन्सिटिव्हिटी कमी करा, ग्राउंड बॅलन्स (मशीन तिथल्या मातीशी जुळवून घेणं) परत करा.

आणि काहीच सापडत नसेल तर बहुतेक वेळा दोष डिस्क्रिमिनेशनचा, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज बंद करायच्या सेटिंगचा. खिळे आणि कॅनचे रिंगपुल नकोत म्हणून लोक अर्धी रेंज बंद करून टाकतात, पण सोन्याची अंगठी आणि रिंगपुल यांचे मशीनवरचे आकडे जवळपास सारखेच येतात, म्हणजे एक घालवलं की दुसरंही गेलं. कॉइल (मशीनची खालची चकती) झाडू मारल्यासारखी टोकाला उचलू नका, जमिनीलगत सपाट आणि हळू फिरवा. जिथे लोखंडाचा नुसता कचरा वाजतो तिथून कंटाळून निघू नका, तिथे कधीतरी वस्ती असायची शक्यता असते.

नाणं निघालं की अंगठ्याने घासायचं नाही! मातीतल्या कणांनी चरे पडतात, आणि जुनी चांदीची हातठोक नाणी पातळ असतात, वाकतात. व्हिनेगर, ब्रासो (धातू चकाकवायचं पॉलिश) तर अजिबात नको. वेगळी पिशवी, त्यावर नेमकी जागा लिहायची, बस.

एकापेक्षा जास्त नाणी एकत्र दिसली तर खोदणं तिथेच थांबवा आणि फाइंड्स लायझन ऑफिसरला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणारा स्थानिक अधिकारी) फोन करा. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ट्रेझर (कायद्याच्या व्याख्येत बसणारा जुना ठेवा) असेल तर १४ दिवसांत कोरोनरला (त्याची चौकशी करणारा अधिकारी) कळवायचं असतं. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला मोठा साठा सापडला, त्यांनी तो लपवून विकायला काढला आणि २०१९ मध्ये दोघं तुरुंगात गेले. सरळ कळवलं असतं तर बक्षीस मिळालं असतं की.

सुट्टीत भारतात गावी येताना मशीन आणून गडावर फिरवायचा विचार असेल तर तो सोडाच. संरक्षित स्मारकात खोदता येत नाही, आणि आपल्याकडच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत लपवलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, मग ते स्वतःच्या शेतात का असेना.