पोर्ट्रेटमध्ये मागचं धूसर होत नव्हतं: माझा अनुभव

५० मिमी एफ/१.८ लेन्सचं छिद्र (प्रकाश आत येतो ते) पूर्ण उघडूनही चेहऱ्यामागची पानं डोळ्यांत खुपायची. एडिटिंगमध्ये ब्लर दिला, तर केसांच्या कडा खोट्या दिसल्या. ५० मिमीचीच एफ/१.४ लेन्स उसनी आणली, फरक जेमतेम. फार वैताग आला होता.

मग फोकल लेंग्थला (लेन्सवरचा मिमीचा आकडा) एफ-आकड्याने (एफ/ पुढचा आकडा) भागलं. ५०/१.८ म्हणजे साधारण २८ मिमीचं छिद्र, ५०/१.४ म्हणजे ३६, आणि ८५/१.८ म्हणजे थेट ४७! चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला, तर दूरची पार्श्वभूमी किती विरघळेल ते या छिद्रावर ठरतं. म्हणून ८५ मिमी एफ/१.८ लेन्स घेतली.

आता आधी व्यक्तीला झाडांपासून चार-पाच मीटर पुढे आणतो. मग चेहरा हवा तेवढा दिसेपर्यंत मी मागे सरकतो. एफ/२ ठेवतो (१.८ वर दुसरा डोळा फोकसमधून जास्त निसटतो). शेवटी कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर सिंगल पॉइंट फोकस (एकाच बिंदूवर फोकस). पानांचे मऊ गोळे होतात.