मुलाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर: चमचा, घड्याळ आणि ओआरएस

मध्यरात्री मूल अंथरुणातच ओकतं, तासाभरात पातळ शी सुरू होते आणि घरातले सगळे एकच विचारू लागतात, ‘हे थांबवायला काय द्यायचं?’ माझ्या मते चुकतं ते इथेच. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात. रोटाव्हायरस आणि नोरोव्हायरस त्यात नेहमीचे. ते त्यांच्या मुदतीने थांबतात. उलट्या साधारण एक-दोन दिवसांत, जुलाब पाच-सात दिवसांत. जीवाला धोका असतो तो अंगातून निघून जाणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा. म्हणून जुलाब थांबवायची घाई करू नका. गेलेलं पाणी आणि क्षार परत आत घाला. त्यासाठीच ओआरएस, म्हणजे साखर आणि क्षार मोजून घातलेलं पाणी.

आधी मुलाकडे नीट बघा

शी किती वेळा झाली हे मोजण्याआधी मूल कसं आहे ते पाहा. मधूनमधून खेळतंय, रडताना डोळ्यांत पाणी येतंय, जीभ ओली आहे, शू होतेय? मग घरी सुरुवात करायला हरकत नाही. पण यातलं काही दिसलं तर थांबू नका, थेट डॉक्टरांकडे न्या:

- मूल मलूल पडलंय, उठवलं तरी पुन्हा पेंगतं
- पाणी पिताच येत नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडतं
- डोळे खोल गेलेत, तान्ह्या बाळाची टाळू बसलीय
- सहा ते आठ तासांत शू नाही
- शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, किंवा पोट फुगून कडक झालंय

पोटाची कातडी चिमटीत हलकेच उचलून सोडा. ती लगेच सपाट व्हायला हवी. दोन सेकंदांहून जास्त रेंगाळली, तर पाणी फार कमी झालंय. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर यादीतलं काहीही दिसायची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

ओआरएस कसं बनवायचं

पाकिटावर लिहिलेलं पाणी मोजून घ्या. मोठं पाकीट बहुधा १ लिटरसाठी असतं, लहान २०० मिलीलिटरसाठी, आणि घोळ इथेच होतो. ‘अर्धं पाकीट, अर्धा ग्लास’ असा अंदाज चालत नाही. पाणी कमी पडलं तर क्षार जास्त होतात, पाणी जास्त झालं तर उपयोग कमी होतो. उकळून गार केलेलं पाणी घ्या, वर साखर किंवा फळांचा रस घालू नका, आणि २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्या.

यात साखर का असते? आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाटेने, जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. जुलाबातही ही वाट बहुधा चालू राहते. नुसत्या पाण्याने मात्र क्षार भरून निघत नाहीत. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात निर्वासितांच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाइन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर-मिठाचं हेच पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. पाजायला नर्स लागत नाही, हे तिथे दिसून आलं.

पाकीट हाताशी नसेल, तर १ लिटर पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर टाकून द्या, पुन्हा करा.

पाजायचं कसं

सगळी गोम इथे आहे. तहानलेलं मूल ग्लास मागतं, आपण देतो, ते घटाघटा पितं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर. मीही पहिल्या वेळी हेच केलं आणि ‘याच्या पोटात काही ठरतच नाही’ म्हणून घाबरले. ठरत होतं, माझीच घाई नडत होती.

उलटी झाली की १० मिनिटं थांबा. मग चमच्याने ५ मिलीलिटर, दर एक-दोन मिनिटांनी. किरकोळ वाटतं, पण हिशेब करा: तासाला १५० ते ३०० मिलीलिटर पोटात जातात. चमचा तोंडाजवळ नेला की मूल मान फिरवत असेल, तर सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. तासभर हे करताना पाठ मोडून येते, तेव्हा घरातल्या माणसांनी पाळ्या लावा. त्यानंतर प्रत्येक पातळ शीमागे दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १००, मोठ्याला १०० ते २०० मिलीलिटर.

अंगावरचं दूध बंद करू नका. मोठ्या मुलाचं नेहमीचं जेवणही उलट्या आवरल्या की लगेच सुरू करा. ‘पोटाला आराम’ देण्यासाठी उपाशी ठेवलं, तर अशक्तपणाच वाढतो.

औषधांचं काय

झिंक (जस्ताचं औषध) डॉक्टरांना विचारून द्या. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, त्याहून लहानाला १० मिलीग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब दोन दिवसांतच थांबले तरी मुदत पुरी करायची. मोठ्यांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना अजिबात देऊ नका. उरलेली अँटिबायोटिकंही नकोत, विषाणूवर ती चालत नाहीत. शीतपेयं आणि गोड तयार रसही टाळा. त्यातली जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. खोक्यातलं पेय घेण्याआधी लेबल वाचा. ओआरएससारखं दिसणारं सगळं ओआरएस नसतं.

शी धुतल्यावर साबणाने हात धुवा, नाहीतर चार दिवसांनी तुमची पाळी. शेवटची उलटी किंवा पातळ शी होऊन ४८ तास गेल्यावरच मुलाला शाळेत पाठवा. पोहायला मात्र जुलाब थांबल्यापासून दोन आठवडे नको.