शिकागोतील पहिला शरद ऋतू: हवामानाचे आकडे कसे वाचावेत

ऑगस्टमध्ये शिकागोत दाखल झालेली बहुतेक मंडळी ऑक्टोबरचे सरासरी कमाल तापमान शोधतात, 62 अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण 17 अंश सेल्सिअस हा आकडा पाहून निश्चिंत होतात आणि जाड कोटाची खरेदी डिसेंबरवर ढकलतात. आकडा बरोबरच असतो. परंतु तो तीस वर्षांतील दुपारच्या तापमानांचा मध्य असतो आणि सकाळी सातला बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. सरासरीवरून तारखा ठरवाव्यात आणि विक्रमांवरून तयारी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्या वापरात असलेली सामान्य माने, म्हणजे तीस वर्षांच्या सरासरी, 1991 ते 2020 या काळातील नोंदींवर आधारलेली आहेत आणि ती दर दहा वर्षांनी नव्याने काढली जातात. ओहेअर विमानतळावरील केंद्रानुसार सप्टेंबरचे सरासरी कमाल तापमान 75.5 आणि किमान 57.3 अंश फॅरनहाइट असते. ऑक्टोबरमध्ये हेच आकडे 62.7 आणि 45.4, तर नोव्हेंबरमध्ये 48.4 आणि 34.1 असे उतरतात. फॅरनहाइटची सवय होईपर्यंत आकड्यातून 30 वजा करून उरलेल्याचे निम्मे करावे. या ऋतूपुरता तो हिशेब पुरेसा जवळ येतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट उताराची आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी सामान्य कमाल तापमान सत्तरीच्या जवळ असते आणि महिनाअखेरीस ते पंचावन्नच्या आसपास येते, म्हणजे महिन्याचा एकच आकडा फक्त मधल्या आठवड्याला लागू पडतो. आपल्याकडे पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा तापते; ती अंगवळणी पडलेली अपेक्षा येथे पूर्णपणे उलटी करावी लागते.

सरासरीत जे दडते ते विक्रमांत दिसते. 6 ऑक्टोबर 1963 रोजी येथे 94 अंश फॅरनहाइट तापमान नोंदले गेले, तर 1 नोव्हेंबर 1950 रोजी 81. दुसऱ्या टोकाला, 2019 मध्ये भाऊबीज 29 ऑक्टोबरला झाली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी ओहेअरवर 3.4 इंच बर्फ पडला. शाळकरी मुलांना हॅलोवीनच्या पोशाखावर कोट चढवून घरोघर फिरावे लागले. त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला पारा 7 अंशांपर्यंत, म्हणजे उणे 14 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला आणि दिवसभरातील कमाल तापमान 17 अंश फॅरनहाइटच्या वर गेले नाही, जेव्हा त्या तारखेचे सामान्य कमाल तापमान पन्नाशीच्या आसपास असते. 2015 मध्ये 20 आणि 21 नोव्हेंबरला मिळून 11.2 इंच बर्फ झाला, तर नोव्हेंबर महिन्याची बर्फाची सरासरी दोन इंचांच्याही आत आहे. असे दिवस दरवर्षी येत नाहीत, पण तुमच्या पहिल्याच वर्षी येणार नाहीत असेही कोणी सांगू शकत नाही.

विक्रमांची तुलना करताना एक पथ्य पाळावे. शिकागोचे अधिकृत तापमान आज ओहेअरवर मोजले जाते, पण ही व्यवस्था 17 जानेवारी 1980 पासूनची आहे. त्याआधी 1942 पासून हे काम मिडवे विमानतळावर होत असे. त्यामुळे वर दिलेले 1950 आणि 1963 चे आकडे शहराच्या दुसऱ्याच भागातील आहेत. शिवाय ओहेअर मिशिगन सरोवरापासून बरेच आत, वायव्येला आहे. उन्हाळाभर तापलेले सरोवर शरदात हळूहळू निवते, म्हणून किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत रात्री ओहेअरपेक्षा उबदार असतात आणि पहिले गोठलेले दहिवर उशिरा पडते. पश्चिमेच्या उपनगरांत घर घेतलेल्यांनी मात्र विमानतळाच्या आकड्यातून आणखी दोन-तीन अंश वजा धरलेले बरे. वाऱ्याचा हिशेब याच्या उलट आहे. उत्तरेकडून जोराचा वारा सुटला की लाटा किनाऱ्यावरील पायवाटेवर येऊन आदळतात, आणि अशा दिवशी सरोवराकाठी फिरायला जाऊ नये.

राष्ट्रीय हवामान सेवा रोज जो अहवाल काढते तो एकदा नीट वाचायला शिकावे. अॅपवरील चित्रांपेक्षा तो कितीतरी उपयोगी आहे. त्यात प्रत्यक्ष तापमान, ते कोणत्या वेळी नोंदले गेले, त्या तारखेचा विक्रम व त्याचे वर्ष, सामान्य मान आणि त्यापासूनचा फरक असे रकाने एका ओळीत असतात. यातील वेळेचा रकाना सहसा कोणी पाहत नाही. नोंदीचा दिवस मध्यरात्री सुरू होतो, म्हणून पहाटे थंड हवेची लाट आली तर दिवसाचे कमाल तापमान रात्री बारा वाजून काही मिनिटांचे निघते आणि पुढचा सगळा दिवस त्याहून थंड जातो. कागदावर मात्र तो दिवस सामान्य दिसतो. पावसाच्या किंवा बर्फाच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘टी’ हे अक्षर असले, तर मोजता न येण्याइतका शिडकावा झाला असे समजावे. खाली तापनाचे अंशदिन दिलेले असतात: दिवसाचे मध्यम तापमान 65 फॅरनहाइटच्या जितके खाली, तितके अंशदिन. गॅसचे बिल याच आकड्याच्या मागे चालते, त्यामुळे दोन महिन्यांची बिले ताडून पाहताना हा आकडा शेजारी ठेवावा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी शहराचा नियम स्पष्ट आहे. जेथे उष्णता पुरवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे तेथे 15 सप्टेंबर ते 1 जून या काळात सकाळी साडेआठ ते रात्री साडेदहापर्यंत किमान 68 आणि रात्री किमान 66 अंश फॅरनहाइट तापमान राखणे त्याला बंधनकारक आहे. रेडिएटर गार पडला तर आधी लेखी कळवावे, खोलीतील थर्मामीटरचा वेळेसह फोटो ठेवावा आणि दाद न लागल्यास 311 या शहराच्या सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पावसाकडे लोक दुर्लक्ष करतात. सप्टेंबरची सरासरी तीन इंचांपेक्षा थोडीच अधिक आहे, परंतु 13 सप्टेंबर 2008 या एकाच दिवसात ओहेअरवर 6.64 इंच पाऊस झाला. जुन्या वस्त्यांत सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच गटारातून वाहते आणि ते तुंबले की तळघरात उलटे चढते. देशातून आणलेली खोकी तळघराच्या जमिनीवर ठेवू नयेत.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि सूर्यास्त एकदम पाच वाजण्याच्या आत येतो, त्यामुळे कार्यालयातून परतण्याची वेळ अंधाराची आणि थंडीचीही होते. एरवी या तयारीचा क्रम असा ठेवावा: वारा अडवणारे जाकीट सप्टेंबरअखेर, जाड कोट, हातमोजे आणि पाणी न शिरणारे बूट 15 ऑक्टोबरपर्यंत. गाडी रस्त्यावर उभी करणाऱ्यांनी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतच आपल्या रस्त्यावरील पाट्या वाचून घ्याव्यात, कारण 1 डिसेंबरपासून काही मुख्य रस्त्यांवर पहाटे तीन ते सात या वेळेत, बर्फ पडो वा न पडो, गाडी ठेवता येत नाही आणि ठेवलेली गाडी ओढून नेली जाते.