फर्नेसवर टेम्परेचर सेन्सरचा कोड आलाय? या चुका टाळा

घरातली गॅस फर्नेस, म्हणजे गरम हवेने घर उबदार ठेवणारं यंत्र, मध्येच बंद पडते, आत कंट्रोल बोर्डावरचा दिवा लुकलुकत असतो आणि झाकणावरच्या तक्त्यात त्या कोडसमोर सेन्सरचं किंवा लिमिट स्विचचं नाव छापलेलं असतं. मग बहुतेक जण थेट नवा सेन्सर मागवतात. तो बसवूनही तोच कोड परत आला की डोकं धरून बसायची वेळ येते. मुळात बोर्डाला सेन्सर दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की अमुक सर्किट तुटलंय किंवा तिथून येणारा आकडा पटण्यासारखा नाही. असं का झालं, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

सगळ्यात आधी होणारी चूक म्हणजे कोड न बघताच मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करणं. बऱ्याच बोर्डांत वीज गेली की कोड पुसला जातो. ब्लोअरचं, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, झाकण काढलं तरी तेच होतं, कारण तिथल्या दाराच्या स्विचमुळे वीज तुटते. म्हणून झाकणावरच्या छोट्या काचेतूनच दिवा बघा आणि दोन-तीन फेऱ्या मोजून आकडा लिहून ठेवा. काही बोर्डांवर कोड दोन अंकी असतो: छोटे लुकलुके वेगळे, लांब लुकलुके वेगळे. प्रत्येक कंपनीचे कोड निराळे असतात, त्यामुळे इंटरनेटवरचा दुसऱ्याच मॉडेलचा तक्ता धरून चालू नका.

दुसरी चूक जास्त महागात पडते: तीन वेगळ्या वस्तूंना सरसकट ‘सेन्सर’ म्हणणं. फ्लेम सेन्सर तापमान मोजतच नाही. ज्वाळेतून जाणारा अगदी बारीक, मायक्रोअँपिअरमधला प्रवाह बघून बर्नर पेटलाय की नाही एवढंच तो सांगतो. थर्मिस्टर खरंच तापमान मोजतो. आणि लिमिट स्विच हा साधा स्विच आहे. एरवी तो जोडलेला असतो, हीट एक्स्चेंजरजवळची (ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाजवळची) हवा ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापली की उघडतो आणि बर्नर बंद पाडतो.

लिमिटचा कोड आला, बर्नर विझला आणि पंखा मात्र चालूच राहिला, तर स्विचने आपलं काम चोख केलंय. हवा पुरेशी वाहत नाही म्हणून फर्नेस तापतेय. आधी फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर तो तसाच बाजूला ठेवा आणि नवा घाला. मग खोल्यांमधल्या गरम हवेच्या बंद केलेल्या जाळ्या उघडा. न वापरत्या खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या की गॅस वाचतो असं अनेकांना वाटतं, पण त्याने फर्नेसचा श्वास कोंडतो. एवढं करूनही भागलं नाही तर संशय ब्लोअरवर: चाकाच्या पात्यांत साचलेली धूळ किंवा पंख्याच्या मोटरचा अशक्त झालेला कपॅसिटर. फर्नेसच्या नेमप्लेटवर ‘टेम्परेचर राइज’ची मर्यादा छापलेली असते. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक त्यापेक्षा जास्त असेल, तर नवा लिमिट स्विचही तसाच उघडत राहणार.

थर्मिस्टरचा कोड असेल तर रेझिस्टन्स मोजायला मल्टिमीटर हवाच. वीज पूर्ण बंद करून सेन्सरचा प्लग बोर्डापासून सोडवा. जोडलेल्या अवस्थेत मोजलं तर बोर्डाचा रेझिस्टन्सही त्यात मिसळतो आणि आकडा फसवा येतो. खूप वापरात असलेले थर्मिस्टर 25 अंश सेल्सिअसला 10 किलोओहमचे असतात. थंडी वाढली की आकडा चढतो, उष्णता वाढली की उतरतो. आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मग सेन्सरचं टोक मुठीत धरा. मीटरवरचा आकडा हळूहळू खाली यायला लागला तर सेन्सर जिवंत आहे. अजिबात हलला नाही, शून्याला चिकटला किंवा मीटरने सर्किट तुटल्याचं दाखवलं, तरी लगेच निकाल देऊ नका. हे माप वायरच्या बोर्डाकडच्या टोकाला घेतलं असेल, तर तेच थेट सेन्सरच्या पायांवर पुन्हा घ्या. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर दोष वायरमध्ये किंवा गंजलेल्या टर्मिनलमध्ये आहे.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: लिमिट स्विचच्या दोन वायरी जोडून फर्नेस चालवणं, ‘फक्त आजची रात्र’ म्हणूनही नाही. मग फर्नेस कितीही तापली तरी बंद पडत नाही, आणि त्याने हीट एक्स्चेंजरला तडे गेले तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरू शकतो आणि त्याला वास नसतो. बर्नरजवळच्या रोलआउट स्विचचंही तसंच. ज्वाळा बर्नरच्या जागेबाहेर आली की तो उघडतो. त्याचं बटण दाबून फर्नेस पुन्हा पेटवायला जाऊ नका, तंत्रज्ञाला बोलवा. गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर कोड वाचत न बसता सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा.

लिमिट स्विच खरोखरच बदलायचा असेल तर जुन्यावर छापलेलं तापमान बघून तेवढ्याच मर्यादेचा घ्या. सारखा ट्रिप होतो म्हणून जास्त तापमानाचा बसवणं म्हणजे वायरी जोडून टाकण्याच्याच वाटेवरचं पाऊल.