पक्षाघाताच्या रुग्णाची कूस बदलणे आणि सांधे हलवणे

पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेला रुग्ण घरी आला की सगळ्यांचे लक्ष औषधांकडे आणि खाण्यापिण्याकडे लागते. त्याला अंथरुणात कसे निजवले आहे, हे फारसे कोणी पाहत नाही. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास व्यायाम करून घेतला, तरी उरलेले 23 तास तो वेडावाकडा पडून राहणार असेल, तर सांधे आखडतात आणि माकडहाडावर, खुब्यावर किंवा टाचेवर जखम होते. पुढील माहिती अशा रुग्णापुरती आहे. मणक्याला इजा झालेल्या किंवा खुब्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या रुग्णाला हलवण्याची पद्धत वेगळी असते आणि ती डॉक्टरांकडूनच समजून घ्यावी.

साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी. रुग्णाच्या खाली खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पोहोचेल अशी दुहेरी घडी केलेली चादर आडवी अंथरून ठेवावी, म्हणजे त्याला ओढण्याऐवजी दोघांनी मिळून चादरीसकट उचलून सरकवता येते आणि त्वचा घासली जात नाही. ज्या कुशीवर वळवायचे, त्याच्या उलट बाजूच्या कडेकडे त्याला आधी सरकवावे, नाहीतर वळल्यावर तो पलंगाच्या काठावर येतो. नंतर वळवण्याच्या बाजूला स्वतः उभे राहून, रुग्णाला सांगून, त्याचा पलीकडचा गुडघा वाकवावा आणि पलीकडच्या खांद्यामागे व कमरेमागे हात ठेवून त्याला आपल्याकडे वळवावे. आपले पाय फाकलेले आणि गुडघे किंचित वाकलेले असावेत. कमरेतून वाकून जोर लावणाऱ्याची पाठ थोड्याच दिवसांत धरते.

कुशीवर पूर्ण आडवे निजवल्यास सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून त्याला सुमारे 30 अंश कललेला ठेवावा. माकडहाडाखाली आपला तळहात सरकवून पाहावा. हाड गादीला टेकत नसेल, तर उशी नीट बसली आहे. दोन्ही पायांच्या मध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उशी द्यावी आणि लुळा हात पुढे आणून उशीवर ठेवावा. लुळ्या कुशीवर निजवायला घरचे लोक घाबरतात, पण खांदा अंगाखाली चेपला जाणार नाही अशा बेताने पुढे काढून घेतला, तर काही वेळ त्या कुशीवर निजवायला हरकत नसते.

उताणे निजवताना पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्याव्यात. फक्त गुडघ्याच्या खळगीत उशी ठेवू नये, कारण त्याने शिरांवर दाब येतो आणि गुडघा हळूहळू वाकलेलाच राहतो. जेवण भरवताना रुग्णाला बसते करावे आणि नंतर किमान अर्धा तास तसेच ठेवावे. एरवी डोक्याकडचा भाग 30 अंशांहून अधिक उंच ठेवल्यास तो खाली घसरत राहतो आणि माकडहाडावरची त्वचा ताणली जाते. बाजारात मिळणारी रबरी रिंग माकडहाडाखाली ठेवू नये. तिच्या कडेच्या दाबाने आतल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो.

सांधे हलवताना सांध्याच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे आधार द्यावा. प्रत्येक हालचाल सावकाश पाच ते दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावी आणि जिथे अडसर जाणवेल तिथे थांबावे. झटका दिला की ताठरलेला स्नायू आणखी ताठरतो. अनेक रुग्णांना बोलता येत नाही, म्हणून नजर त्यांच्या चेहऱ्यावर असावी.

सर्वांत जास्त हाल खांद्याचे होतात. भोवतालचे स्नायू ढिले पडल्यामुळे हाताच्या वजनानेच सांधा निखळू लागतो. अशा वेळी रुग्णाला लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढणे हा शुद्ध अत्याचार आहे. एक हात कोपराखाली आणि दुसरा मनगटाखाली धरून, रुग्णाचा अंगठा वरच्या दिशेला ठेवून, हात समोरून खांद्याच्या पातळीपर्यंतच उचलावा. त्याच्या वर नेताना खांद्याचे पाते सोबत फिरवावे लागते आणि ते फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकल्याशिवाय करू नये. कोपर, मनगट आणि बोटे वाकवून पूर्ण उघडावीत; अंगठा विसरला जातो, तो बाजूला ताणावा.

पावलाकडेही तेवढेच लक्ष हवे. गुडघा सरळ ठेवून टाच आपल्या तळहातात घ्यावी, तळपाय आपल्या हाताच्या पुढच्या भागावर टेकवावा आणि शरीराचा भार हळूच देत पाऊल नडगीच्या दिशेने वळवून 20 ते 30 सेकंद धरावे. पायथ्याशी घट्ट खोचलेले जड पांघरूण पाऊल खाली दाबत राहते, त्यामुळे ते सैल ठेवावे.

कूस बदलताना दर वेळी हाडांवरची त्वचा पाहावी. लाल झालेला भाग बोटाने दाबून सोडल्यावरही फिकट होत नसेल, किंवा सावळ्या त्वचेवर तो काळपट, गरम वा कडक लागत असेल, तर त्या भागावर भार देऊ नये आणि तो चोळूही नये. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली किंवा दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. त्या पायाची मालिश किंवा व्यायाम न करता लगेच डॉक्टरांना कळवावे.