जखमी शास्त्रज्ञाचा विनोद जमला तो असा

माझ्या विज्ञानकथेत एक प्रसंग काही केल्या जमत नव्हता. यानावर मनगट चिरलेली जीवशास्त्रज्ञ थट्टामस्करी करतेय, आतून मात्र घाबरलेली आहे. वाचणाऱ्याला ती नुसती गमती वाटायची. ‘भीती लपवत ती म्हणाली’ असं घातलं, तर सगळंच पचकलं.

वाट सापडली ती वजनरहित अवस्थेबद्दल वाचताना. तिथे रक्त ओघळत नाही, पृष्ठताणामुळे (द्रवाचा पृष्ठभाग आवळून धरणाऱ्या ओढीमुळे) जखमेवरच फुगून साचतं. अश्रूही गळत नाहीत. २००१ मध्ये कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यानाबाहेर अंतराळ स्थानकाचा यांत्रिक हात, कॅनडार्म-२, बसवत होते, तेव्हा त्यांचा एक डोळा चुरचुरला. पाणी साचत साचत दुसऱ्या डोळ्यात गेलं आणि काही वेळ त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेना. म्हणजे रडणं लपवायचीही तिथे सोय नाही! (लेखकाला याहून काय हवं?)

मग भीतीचा उल्लेखच काढून टाकला. आता ती म्हणते, “डॉक्टर, रफू बारीक करा हं, लग्नाला जायचंय.” आणि बोलता बोलता हाताच्या पट्ट्याखाली बोटं हलवून बघते. अंगठा हलतो. करंगळी हलत नाही. पुढचा विनोद ती जरा घाईने करते.

आधीच्या खर्ड्यात यावर डॉक्टर हसायचे. तेही खोडलं.